पाकिटाच्या तांदळातला खडा

संयोगिताचे पत्र मला १९९८च्या जानेवारीत आले आणि मी त्याला उत्तर दिले नाही. द्यायचे नाही असे ठरवले होते, असेही नाही. ठरवण्याची सवय मला नाही. मी पत्र वाचले, घडी केली, शब्दकोशाच्या जाड खंडात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा वाचले. मार्च संपत येईपर्यंत असे दहा-अकरा वेळा तरी झाले असेल. एवढ्या वेळात माणूस दहा-अकरा उत्तरे लिहून टाकतो.

ती माझी विद्यार्थिनी. 'माझी' म्हणताना जीभ अडखळते, कारण मी प्राध्यापक कधीच नव्हतो. कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे डेमॉन्स्ट्रेटर होतो. शिकवायचे इतर लोक. मी उपकरणांवरची धूळ झटकायचो, प्रात्यक्षिके घ्यायचो आणि मुलांच्या जर्नलांवर सह्या करायचो. पुस्तके मात्र मी त्या सगळ्या प्राध्यापकांपेक्षा जास्त वाचली. त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही, मला धरून.

पत्र असे होते:

'आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. वाघोडियाच्या इंजेक्शनच्या कारखान्यात मी नऊ वर्षे कुप्या तपासण्याचे काम करते. ऑक्टोबरमध्ये माझ्या ट्रेमधून गेलेल्या एका कुपीत काचेचा कण निघाला. दवाखान्यातल्या नर्सने टोचण्याआधी पाहिला म्हणून निभावले. मला सस्पेंड केले आहे आणि चौकशी चालू आहे. आरोप हेतुपुरस्सर दुर्लक्षाचा आहे. चौकशी होते त्या खोलीत भिंतीवर तुमचे वाक्य लावले आहे. साहेब त्याच्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, तुमचे सरच सांगतात. पण सर, घड्याळाच्या प्रयोगात तुम्ही आम्हाला वेगळे सांगितले होते. पूर्वी एका ट्रेमागे पाच-सहा कुप्या खराब निघायच्या. नवीन इटालियन मशीन आल्यापासून दोन-दोन दिवस एकही निघत नाही, तरी मी तशीच बसून बघते. दर वीस मिनिटांनी मिळायची ती विश्रांतीही बंद केली आहे. खरे काय ते तुम्ही कागदावर लिहून द्याल का? हा शेरा मारून काढून टाकले तर कुठल्याच औषधाच्या कारखान्यात मला उभे करणार नाहीत.'

हेतुपुरस्सर दुर्लक्ष. ज्याने हे शब्द जोडले त्याच्या लक्षात आले नसेल की ज्या गोष्टीकडे हेतू ठेवून बघायचे नाही, ती आधी बघावी लागते. पण असली माणसे शब्द लिहितात, वाचत नाहीत.

भिंतीवरच्या वाक्याची हकीकत सांगतो. त्या वर्षांत बडोद्यात ज्याला त्याला क्वालिटी हवी झाली होती. कारखान्यांच्या फाटकांवर प्रमाणपत्रांचे फलक लागले. बाकीच्या भिंतींवर सूर्योदयाची चित्रे आणि त्यांखाली उपदेश. कामगारांना रांगेत बसवून टाळ्या पिटायला लावणारे प्रशिक्षक मुंबईहून विमानाने यायचे. ते परवडेनासे झाले की एखादा स्थानिक म्हातारा बोलवायचे. मी स्थानिक म्हातारा.

बोलावणारा मयंक. तो त्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर. माझे जुने स्नेही संपतराव यांचा मुलगा. संपतरावांचे आजोबा राजवाड्याच्या घोडदळात होते आणि पणतू कर्मचाऱ्यांच्या हजेऱ्या सांभाळतो. हुकूम देण्याची हौस तेवढी उतरत आली आहे.

मी भाषण दोन पानांवर लिहून नेले होते. पहिल्या पानावर असे, की लक्ष इच्छेने वळवता येते. लग्नाच्या पंगतीत दोनशे माणसे बोलत असली तरी आपल्याला हव्या त्या एकाचे बोलणे आपण वेचून ऐकू शकतो. दुसऱ्या पानावर असे, की वळवता येते, पण धरून ठेवता येत नाही. जिथे काही घडत नाही तिथे अर्ध्या तासात लक्ष गळायला लागते; माणूस बघत असतो आणि त्याला दिसत नसते. म्हणून काम आलटून-पालटून द्यावे, मध्ये थांबू द्यावे.

पहिले पान संपले तेव्हा मोठ्या साहेबांचा नवाकोरा मोबाइल वाजला आणि ते तो कानाला लावून, सगळ्यांना दिसेल असे, बाहेर गेले. मयंकने मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवले. मागच्या रांगेत खमणाचे खोके उघडले गेले. खमणाचा वास आणि माझे दुसरे पान यांत स्पर्धा नव्हती. 'एवढे बोलून मी आपली रजा घेतो,' असे म्हणून मी खाली बसलो. लक्ष का टिकत नाही हे सांगायला गेलेल्या माणसाला ते पंधरा मिनिटेही टिकवता आले नाही, यात काय ते आले. मला शाल दिली. पंधरा दिवसांनी मयंक भेटला आणि म्हणाला, "काका, तुम्ही भिंतीवर लागलात." पोस्टर गुजरातीत होते: 'लक्ष ही इच्छेची बाब आहे. — प्रो. लक्ष्मीकांतभाई.' म्हणजे मला न मिळालेली बढतीही त्यांनी परस्पर देऊन टाकली होती. मी हसलो. त्याला वाटले, मी खूश झालो. थोडा झालोही होतो.

आणि घड्याळाचा प्रयोग. मी एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचे यंत्र काढून एक उपकरण केले होते. पांढऱ्या तबकडीवर एकच काटा, तो दर सेकंदाला एक घर पुढे जायचा. मधूनच कधीतरी दोन घरे उडी मारायचा. उडी दिसली की बटण दाबायचे, तासभर. संयोगिताने पहिल्या अर्ध्या तासात एकही उडी सोडली नाही. दुसऱ्या अर्ध्या तासात बारांपैकी पाच सोडल्या. आकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी तिला म्हणालो होतो, "अगं, हा तुझा दोष नाही. मेंदू असाच चालतो. मी स्वतः सहा सोडतो." बारा-तेरा वर्षे झाली. मी विसरलो होतो, तिने जपून ठेवले होते.

मग उत्तर का नाही दिले? कारणे पुष्कळ होती आणि सगळी विद्वत्तेची. मी डॉक्टरेट नाही, माझ्या शब्दाला कोण विचारतो. प्रयोगशाळेतला काटा वेगळा, कारखान्यातली कुपी वेगळी. घड्याळाचा हा प्रयोग मुळात ज्या इंग्रज संशोधकांनी काढला, ते रडारपुढे बसलेल्या सैनिकांवर प्रयोग करत होते, वाघोडियाच्या बायकांवर नाही. संपतरावांना काय वाटेल. शिवाय आणखी वाचून मग लिहावे. हे शेवटचे कारण माझ्यासारख्यांना जन्मभर पुरते.

मार्चमध्ये एका दुपारी जेवताना माझ्या दाढेखाली खडा आला आणि दाढेचा टवका उडाला.

"खडा," मी म्हणालो.

"बघू," माझी बायको कमला म्हणाली. तिने तो तळहातावर घेऊन निरखला. "पाकिटाच्या तांदळात कुठला खडा आलाय? वर मशीन क्लीन लिहिलंय."

"तू निवडला नव्हतास?"

"निवडला की. रोज निवडते. ताट पुढ्यात घेऊन बसते. तुमची मान पुस्तकातून वर येत नाही म्हणून तुम्हाला दिसत नाही."

मी भात चिवडू लागलो. तिचे मात्र संपले नव्हते.

"गंमत बघा. रेशनच्या तांदळात मूठभर खडे असायचे. तेव्हा कधी दाताखाली आला तुमच्या? सापडायचेच. एक काढला की दुसरा दिसायचा. आता महिनोन् महिने एक नाही. मग डोळे ताटावर आणि मी भलतीकडेच. काय करू, डोळ्यांना लाच देऊ?"

मी उष्ट्या हाताने उठलो. शब्दकोश डाव्या हाताने उघडला आणि पत्र काढले. 'नवीन इटालियन मशीन आल्यापासून दोन-दोन दिवस एकही निघत नाही.' हे वाक्य तिथे पहिल्या दिवसापासून होते. मी ते दहा-अकरा वेळा वाचले होते आणि एकदाही पाहिले नव्हते. कारण मी ते पत्र माझ्यासाठी वाचत होतो. भिंत, पोस्टर, माझे वाक्य, माझे नाव. तिने मला पुरावा पाठवला होता आणि मी त्यात माझी अब्रू शोधत बसलो होतो.

नुसते थकणे ही गोष्ट निराळी. इथे त्याच्या जोडीला दुसरीच गोष्ट होती: शोधायची वस्तू जितकी दुर्मिळ, तितकी ती समोर येऊनही निसटते. मशीन सुधारले म्हणून संयोगिता चुकली. त्याच मशीनच्या भरवशावर त्यांनी तिची विश्रांती काढून घेतली होती. मूर्खपणा एवढा नेटका क्वचितच बघायला मिळतो.

तरी मी लगेच लिहिले नाही. आधी खात्री करावी असे वाटले. गच्चीतल्या कुंडीतून बारीक खडे काढले, धुतले, आणि कमलाला न सांगता तिच्या निवडायच्या तांदळात घालू लागलो. एक दिवस तीस, एक दिवस एक, असे सहा दिवस. ती काढलेले खडे वाटीत ठेवते. मी नंतर मोजायचो. तीस घातले त्या तिन्ही दिवशी वाटीत तीस निघाले. एक घातला त्या तीन दिवसांपैकी दोन दिवस वाटी रिकामी होती. त्या दोन्ही दिवशी मी फार जपून जेवलो.

सातव्या दिवशी ती पाकीट पिशवीत घालून दुकानदाराशी भांडायला निघाली, तेव्हा मला कबूल करावे लागले.

"म्हणजे आठवडाभर तुम्ही घरच्या तांदळात खडे कालवलेत?" ती पायातली चप्पल न काढता म्हणाली.

"प्रयोग होता."

"एकतीस वर्षं कॉलेजात केलेत तेवढे पुरले नाहीत." मग चप्पल काढता काढता, "किती सुटले माझ्याकडून?"

"दोन. पण तो तुझा दोष नाही, एकच असला की..."

"ते मला शिकवू नका. मीच सांगितलं तुम्हाला. त्या पोरीला कळवलंत?"

"अजून नाही. मी कोण लागून गेलोय गं? माझ्या लिहिण्याला..."

"खडे घालताना नाही आलं मनात, मी कोण म्हणून?"

मी टेबलाशी जाऊन बसलो, मायना लिहिला, आणि 'कदाचित' हा शब्द लिहून थांबलो. चार दिवस तो कागद तसाच राहिला.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी मयंक आला. मांजलपूरहून रावपुऱ्यात गाडी आणून त्याने ती खालच्या वह्यांच्या दुकानापुढे आडवी लावली होती. दुकानदाराचा आवाज वरपर्यंत येत होता. मयंकला तो ऐकू येत नव्हता. इच्छेची बाब.

"केम छो काका? काकू, चहा नको हं, घाई आहे." त्याने टाइप केलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. "फक्त सही. चार तारखेला लास्ट हियरिंग, मग मॅटर क्लोज."

कागदावर लिहिले होते की भिंतीवरचे विधान माझे असून ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

"हे अर्धं आहे," मी म्हणालो.

"एटले?"

"दुसरं पान वाचायचं राहिलं. खमण आलं म्हणून."

मयंक मनापासून हसला. "काका, आखं पान कोण वाचतं? पोस्टरवर एक लाइन मावते."

"मयंक, ती बाई मुद्दाम नाही चुकली. खराब कुपी दिवसेंदिवस येतच नाही, त्यामुळे आली तेव्हा तिला दिसली नाही. मशीन चांगलं झालं म्हणून झालंय हे."

"वाह. म्हणजे इटलीवाल्यांना नोटीस काढू?" त्याने कमरेचा पेजर काढून बघितला आणि परत लावला. "काका, नऊ वर्षं तिने पकडलं ने? डोळे तेच, दिवा तोच. मग आता काय झालं? बायका गप्पा मारतात. थोडं स्ट्रिक्ट व्हावंच लागतं, एक्स्पोर्टचा माल आहे."

मी घड्याळाच्या काट्याबद्दल सांगायला लागलो. माझे बोलणे लांबते आणि मधूनच मागे जाते, हे मला ठाऊक आहे. तो मान डोलावत होता आणि पेजरकडे बघत होता. तेवढ्यात कमलाने निवडायचे ताट आणून त्याच्या पुढ्यात ठेवले.

"मयंक, जरा बघ रे. खडा असला तर काढ. माझा चष्मा सापडत नाही."

चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. त्याने ते पाहिले नाही. एका हाताने तांदूळ इकडचा तिकडे केला. पेजर वाजला. त्याने नंबर वाचला, ताट पुढे सरकवले. "नथी काकू, एकदम साफ."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," कमला म्हणाली आणि ताट घेऊन आत जाऊ लागली.

"का, होता?"

"तूच बघितलंस ना. हे ताट मी वेगळं शिजवते. जेवायला येतोस?"

तो पुन्हा हसला, पण या खेपेला थोडा कमी. "काकू, इन्क्वायरीत भात नाही चालत. काका, पप्पांनी खास सांगितलं, काकांना वाघोडियापर्यंत हेलपाटा घालायला लावू नको, म्हणून मीच आलो. तुमचं नाव मोठं करतोय आम्ही. करा सही."

मी पेन उचलले. खरे सांगतो, उचलले. विधान माझेच होते, त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि समोर संपतरावांचा मुलगा बसला होता. मग मी म्हणालो, "उद्या देतो." नाही म्हणण्यासाठी माझ्याकडे एवढाच शब्द आहे.

"उद्या संध्याकाळी येतो," तो म्हणाला आणि कागद ठेवून गेला.

माझ्याविषयी मला फारशा गोष्टींची खात्री नाही, पण एका गोष्टीची होती. उद्या संध्याकाळी तो येऊन समोर बसला तर मी सही करणार होतो. त्याने पप्पांचे नाव घेतले असते, मी पान दोनबद्दल काहीतरी पुटपुटलो असतो आणि सही केली असती. एका बाईची नऊ वर्षे माझ्या भिडस्तपणात गेली असती आणि वर शास्त्रीय म्हणून शिक्का बसला असता. तेव्हा माझ्यातला हा सही करणारा इसम उद्या संध्याकाळी खुर्चीत येऊन बसायच्या आत पत्र पोस्टात पडलेले हवे होते.

भाषणाचे दुसरे पान शोधले, सापडले नाही. बरेच झाले. ते फार नम्र पान होते. सोमवारी सकाळी बसून मी नव्याने लिहिले. भिंतीवरचे वाक्य माझ्या भाषणाचा अर्धा भाग आहे आणि उरलेला अर्धा मी भित्रेपणाने वाचला नाही, हे आधी लिहिले. मग लक्ष वळवता येते पण धरून ठेवता येत नाही हे, विश्रांती काढून घेतल्याने काय होते हे, आणि दुर्मिळ दोष सर्वांत चांगल्या डोळ्यांनाही का निसटतो हे. घड्याळाच्या प्रयोगाचे आकडे दिले. तांदळाचेही दिले, तीन दिवस तीस आणि तीन दिवस एक, हसणाऱ्यांनी हसावे. चौकशी अधिकाऱ्यांना एक सूचना केली: शंभर स्वच्छ ट्रेंमध्ये एक खराब कुपी लपवून त्यांनी स्वतः, न थांबता, तपासायला बसावे आणि त्यानंतर हेतुपुरस्सर हा शब्द वापरावा. कच्च्या मसुद्यात नऊ ठिकाणी 'कदाचित' होते. आठ खोडले. एक राहू दिले, कारण तिथे मला खरेच माहीत नव्हते.

संयोगिताला वेगळे लिहिले. 'तुझ्या पत्राला अडीच महिने उत्तर दिले नाही. तुला उपयोगी पडेल असे वाक्य तूच लिहिले होतेस, मी ते वाचलेच नाही. सोबत चौकशी अधिकाऱ्यांना पाठवलेल्या निवेदनाची नक्कल आहे. चार तारखेला मी वाघोडियाला येईन आणि हेच तोंडी सांगेन. माझे बोलणे लांबते, मधे कुणी थांबवले तर तू मला पुढचे वाक्य सांग.'

"वाचून दाखवा," कमला म्हणाली. वाचून दाखवले. "त्या मयंकला काय सांगणार?"

"तू सांग."

"मी नाही सांगणार. मी चष्मा शोधत असेन."

रावपुऱ्याच्या पोस्टात रजिस्टरच्या खिडकीपुढे रांग होती. मधेच माझ्या मनात आले की निवेदनात तांदूळ नको होता, घरी जाऊन पान बदलावे. मी रांगेतून बाहेर पाऊल टाकलेही. मागच्या बाईंनी विचारले, "काका, तमे लाइनमां छो के नथी?" मी म्हणालो, "छुं," आणि परत उभा राहिलो.

खिडकीतल्या मुलीने दोन्ही पाकिटे उलटसुलट केली आणि परत सरकवली. "मोकलनारनुं नाम?"

पाठवणाऱ्याचे नाव मी दोन्हींवर लिहिलेच नव्हते. तिथेच उभ्याने लिहिले. लक्ष्मीकांत, पुढे आडनाव, पत्ता, आणि खाली: निवृत्त डेमॉन्स्ट्रेटर. तिने पाकिटे वजनकाट्यावर ठेवली, तिकिटे लावली, शिक्के मारले आणि मान वर न करता दोन्ही मागच्या थैलीत टाकली.